नक्कल आप्पांचा होकार

सरांनी आप्पांना फसवलं. हे मी कुणाच्या पाठीमागे बोलत नाही. दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असताना बोललो आहे, आणि सर स्वतः ऐकत असते तरी आवाज खाली केला नसता. आप्पांनी त्यांना एका अटीवर होकार दिला होता. सरांनी होकार तेवढा उचलला आणि अट तिथेच टाकून दिली. भांडण एका फॉन्टच्या परवान्यावरून झालं, म्हणून पुष्कळांना ते किरकोळ वाटतं. ज्यांनी आप्पांना पाहिलं त्यांना वाटत नाही. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी आधी आप्पा सांगतो.

आप्पा कुठल्याही दारातून बाहेर पडताना क्षणभर थांबायचे आणि दोन्ही हात खांद्यापर्यंत वर करायचे. नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात, जिथे नोटा आणि तिकिटं छापतात, तिथे त्यांची सगळी नोकरी गेली. सुटताना रोज गेटवर अंगझडती. निवृत्त झाले तरी हात निवृत्त झाले नाहीत. माझ्या दुकानातून जाताना, दवाखान्यातून जाताना, व्याह्याच्या घरातून जाताना, हात वर. एकदा लग्नाच्या हॉलमधून निघताना त्यांनी असे हात वर केले आणि तिथल्या नव्या वॉचमनने गोंधळून खरंच त्यांचे खिसे चाचपले. व्याही मंडळी खवळली. आप्पा शांतपणे म्हणाले, "नीट बघ रे. डावा राहिला."

दुसरी सवय कागदाची. हातात कुठलाही कागद आला की आधी तो उजेडाकडे धरायचे. लग्नपत्रिका, लाइटबिल, माझं कोटेशन, सगळं. मजकूर नंतर. मी पहिल्यांदा चिडलोच होतो. "आप्पा, कोटेशन आहे, नोट नाही." ते म्हणाले, "नोट असती तर एवढ्या जवळून नसती बघितली. नोटेवर माझा विश्वास आहे."

आमची ओळख झाली ती अशीच, चिडण्यातून. मी विंचूरचा. वडील कांद्याच्या मार्केटात हमाल. मी लिलावात उभा राहून भाव करायला शिकलो, नाशिकला आलो, दुसऱ्याच्या दुकानात खोकी उचलली आणि नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा अशोकस्तंभाजवळ स्वतःचं काँप्युटरचं दुकान टाकलं. सुटे भाग आणायचे, जोडायचे, विकायचे. त्या काळात काँप्युटर घेणारा माणूस दोन तास घासाघीस करायचा आणि मला ती आवडायची. आप्पा आले, भाव विचारला आणि मान डोलावली. घासाघीस नाही. मला संशय आला. मग त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं.

"यात नकली काय काय आहे?"

"नकली? आप्पा, बोर्ड तैवानचा आहे. हार्ड डिस्क तुमच्यासमोर सील फोडून लावतो."

"ते नाही रे. हे चित्र दिसतंय, खिडक्या उघडतायत, हे विकत घेतलेलं आहे?"

"ते सगळेच टाकून देतात."

"सगळे देतात म्हणजे चोरीचं आहे."

"अहो, अख्ख्या नाशकात एक दुकान दाखवा जिथे—"

"माझी नोकरी कशासाठी होती? नक्कल होऊ नये म्हणून. आता म्हातारपणी नकली माल घरात ठेवू? काढ ते."

माझं डोकं फिरलं. एका मासिकाबरोबर लिनक्सची सीडी फुकट आली होती, ती पडली होती ड्रॉवरमध्ये. ती त्यांच्यासमोर आपटली आणि म्हटलं, "घ्या. हे कायद्याने फुकट आहे. चालवून दाखवणारा माणूस नाशकात सापडला तर मलाही सांगा." मला वाटलं, म्हातारा दोन दिवसांत परत येईल आणि मुकाट्याने बाकीच्यांसारखं घेईल.

ते परत आले ते पंधरवड्याने. सीडीतला परवाना छापून घेतला होता, शेजारी पेन्सिलीने मराठी अर्थ. इंग्रजी त्यांचं बेताचं होतं, शब्दकोश घेऊन बसले होते. "विंचूर," मला ते गावाच्या नावानेच हाक मारायचे, "हे तू वाचलंस का? यात लिहिलंय, नक्कल करा. करा म्हणतायत! वाटा म्हणतायत! फक्त एकच, जे बदलाल ते लपवायचं नाही, त्याच अटीवर पुढे द्यायचं." हसत हसत त्यांनी काउंटरवर थाप मारली. "आयुष्यभर नकलेच्या विरोधात बसलो. आता या बाजूला बसतो."

आणि खरंच बसले. सीडी लिहायचं यंत्र नाशकात तेव्हा मोजक्यांकडे होतं, माझ्याकडे एक होतं. दर रविवारी आप्पा जेल रोडहून बसने यायचे, डब्यात भाकरी आणि मेथीची भाजी, आणि माझ्या दुकानात त्या यंत्रापुढे ठाण मांडायचे. जो येईल त्याला सीडीची नक्कल. कॉलेजची मुलं, बँकेतले कारकून, एकदा तर पत्ता विचारायला आलेला रिक्षावाला. "तुला काँप्युटर आहे का?" "नाय हो." "कुणाला तरी असेल. घेऊन जा. आणि त्याला सांग, आणखी दोघांना दे." त्यांचं नाव नक्कल आप्पा पडलं ते तिथेच. ते त्यांना आवडायचं. फोनवरसुद्धा म्हणायचे, "हां, जयभीम, नक्कल आप्पा बोलतोय."

या रविवारच्या गर्दीतून माझ्या दुकानाच्या माडीवर एक मंडळ जमलं. ते जमवलं सरांनी, हे मी नाकारत नाही. सर एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. हुशार माणूस, इंग्रजी सफाईदार, आणि शिकवायला बसले की तास कळत नसे. मंडळाची ई-मेलची यादी त्यांनी चालवली, कॉलेजातली मुलं कामाला लावली. सर नसते तर फॉन्ट झाला नसता. आप्पा नसते तर तो फॉन्ट झालाच नसता, हेही तितकंच खरं.

कारण अक्षरं आप्पांची. तेव्हा मोफत आणि कायदेशीर असा धड मराठी फॉन्ट मिळत नव्हता. आप्पा छापखान्यात छापलेले कागद तपासायच्या कामावर होते, रेघ किती जाड आहे ते त्यांना भिंगाशिवाय कळायचं. त्यांनी आलेखाच्या कागदावर बोरूने एकेक अक्षर काढायला घेतलं. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "अक्षराच्या पोटात हवा खेळली पाहिजे." ब, व, थ यांची पोटं त्यांनी इतकी मोकळी ठेवली होती की सर म्हणायचे, "आप्पा, हा व गरोदर आहे." चुकाही करायचे. त्यांचा पहिला झ इतका विचित्र होता की माडीवरच्या मुलांनी त्याला टाळ्या वाजवून निरोप दिला. आप्पांनी तो झ चार वेळा काढला आणि चारही वेळा भांडले.

फॉन्टला नाव दिलं पंचक. जेल रोडच्या पलीकडे नदीकाठी हे गाव, आप्पांचं बालपण तिथलं. सरांचे एक सहकारी म्हणाले, "पंचक म्हणजे अशुभ मानतात, निदान मुहूर्त बघून तरी बाहेर काढा." आप्पा म्हणाले, "आमच्या घरात मुहूर्त कुणी बघत नाही आणि सगळ्यांची लग्नं झाली आहेत. काढा आत्ता." काढला.

परवाना तोच, सीडीतला. घ्या, वाटा, बदला, पण बदललेलं त्याच अटीवर सगळ्यांना द्या. मुलं त्याच्यावर स्वातंत्र्य वगैरे भाषणं करायची. मला तो शुद्ध सौदा म्हणून पटला. मी माझं देतो, तू त्यात भर घाल, पण भर घातलेलं मला दिसलं पाहिजे. मी आयुष्यात पुष्कळ सौदे केले, इतका चोख सौदा पाहिला नव्हता. म्हणून मीसुद्धा हात लावला. टायपिंगच्या जुन्या मशीनवर बोटं बसलेल्यांसाठी कुठली कळ दाबली की कुठलं अक्षर, तो सगळा तक्ता मी बसवला. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टांच्या शेजारी बसून बसवला.

मंडळात आप्पांनी एक पद्धत पाडली होती. ज्याने एक वेलांटी जरी दुरुस्त केली, त्याचं नाव आणि गाव फॉन्टबरोबरच्या फाइलमध्ये जायचं, आणि त्याच्या कामाचं काही करायचं तर त्याला विचारायचं. "विचारलं का?" हा त्यांचा प्रश्न दिवसातून दहादा यायचा. कळवणच्या एका शिक्षकाने अनुस्वाराची जागा सुचवली होती. एका मुलाने ती पुन्हा हलवली. आप्पांनी त्याला कळवणला फोन करायला लावला. मुलगा म्हणाला, "आप्पा, एका टिंबासाठी एसटीडी?" आप्पा म्हणाले, "टिंब त्याचं आहे."

अशीच हरसूलची भोयेबाई. तिथल्या शाळेत शिकवायच्या. मुलं घरी आदिवासींची कोकणी बोलणारी, म्हणून बाई त्यांच्याच बोलीतले शब्द मोठ्या अक्षरात छापून भिंतीवर लावायच्या. पंचक त्यांच्या शाळेत पोचला तो कुठल्या तरी नकलेची नक्कल होऊन. एक दिवस एसटीच्या पार्सलने आप्पांच्या नावावर गुंडाळी आली. 'डोंगऱ्यादेव' हे त्यांच्या देवाचं नाव लिहायला गेलं की त्यातला ऱ्य मोडतो, र वेगळा पडतो आणि य वेगळा, अशी तक्रार. आणि तो कसा हवा ते बाईंनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेनाने स्वतः काढून पाठवलं होतं. कागद खरबरीत, त्यामुळे वळणावर पेन अडकलं होतं आणि तिथे एक बारीकसा फुगवटा आला होता.

आप्पांनी कागद उजेडाकडे धरला, मग भिंग लावलं. "हे माझ्याहून चांगलं आहे," म्हणाले, आणि जसंच्या तसं उतरवलं. फुगवट्यासकट. सर म्हणाले, "तो तरी घासून टाका." आप्पा म्हणाले, "बाईंना विचारून." विचारलं. बाई फोनवर हसल्या आणि म्हणाल्या, "राहू द्या की, माझी वळख आहे ती." राहिला.

मग युनिकोड आलं. आधी प्रत्येक फॉन्टची आतली रचना वेगळी होती, एकात लिहिलेलं दुसऱ्यात उघडलं की नुसती गिचमीड. आता जगभर एकच रचना होणार होती आणि पंचक तिच्यात बसवणं मोठं काम होतं. पुण्याच्या एका कंपनीने सरांना गाठलं. आम्ही करून देतो म्हणाले, पण परवाना सैल करा. म्हणजे असा परवाना, की घेणाऱ्याने बदल केले तर ते परत द्यायची सक्ती नाही. वाटलं तर त्याने कुलूप लावावं.

माडीवर दोन तट पडले. घट्टवाले आणि सैलवाले. त्या रविवारी चहा तीनदा आला आणि तिन्ही वेळा गार झाला.

सर म्हणाले, "आप्पा, घट्ट परवान्याला प्रकाशक भितात. पुस्तकात हा फॉन्ट वापरला तर पुस्तकसुद्धा फुकट द्यावं लागेल का, असं मला विचारतात. मी कितीही समजावलं तरी हात लावत नाहीत. सैल केला तर प्रत्येक काँप्युटरवर जाईल. आपल्याला मराठी पोचवायची आहे की अट?"

म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. प्रकाशक माझ्या दुकानातही तसंच विचारायचे.

आप्पा म्हणाले, "पोचेल. आणि पोचल्यावर दार लावून घेईल. मग हरसूलला काय पोचणार? बंद डबा?"

"तुम्ही अजून त्या गेटवरच उभे आहात आप्पा. प्रत्येकाचे खिसे तपासताय."

"मी झडती देणारा होतो सर, घेणारा नव्हे. गेटवर हात वर करायला मला लाज वाटली नाही. तुमच्या कंपनीला का वाटते?"

मी मध्ये पडलो. म्हटलं, "सर, दोघांचंही होईल. कंपनीशी मला बोलू द्या. सैल हवा ना? देऊ. पण आधी लिहून द्यावं, युनिकोडची सुधारलेली प्रत पहिल्या दिवशी आमच्या माडीवर, जुन्या अटीवर. गरज त्यांना आहे, अक्षरं आपल्याकडे आहेत. असा सौदा मी झोपेतसुद्धा करीन."

सर माझ्याकडे बघून हसले. "शेठ, हे कांद्याचं मार्केट नाही."

पोरं हसली. मी नाही. हे वाक्य मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. कांद्याच्या मार्केटात माल दुसऱ्याच्या गाडीत चढवण्याआधी अटी ठरतात. तिथे कुणी नुसत्या हसण्यावर गोणी सोडत नाही.

शेवटी आप्पाच उठले. ते वाक्य माडीवरच्या प्रत्येकाने ऐकलं आहे, म्हणून मी ते जसंच्या तसं देतो. "सर, मला पटलेलं नाही. पण माझ्या एकट्यामुळे काम अडलं असं नको. ज्यांनी ज्यांनी हात लावला त्या सगळ्यांनी हो म्हटलं, तर माझंही हो. बाहेरगावच्यांना मी जाऊन विचारतो." सर म्हणाले, "ठरलं." आणि आप्पांचा हात हातात घेतला.

म्हातारा एसटीने फिरला. कळवणला गेला, सटाण्याकडे गेला. तिकडचा एक जण हो म्हणाला, एक जण म्हणाला, "आप्पा, तुम्ही म्हणशात तसं." आप्पांनी त्याला सुनावलं, "मी काय म्हणतो ते सोड, तुला काय वाटतं ते सांग," आणि तो स्वतःहून हो म्हणेपर्यंत तिथेच जेवले. भोयेबाई सुट्टीला माहेरी गेल्या होत्या, त्यामुळे हरसूल शेवटी राहिलं. तिथे मी माझ्या गाडीतून घेऊन गेलो.

शाळेच्या ओट्यावर बसून आप्पांनी बाईंना सगळं समजावलं. आणि इथे मला त्यांचा प्रचंड राग आला, कारण त्यांनी सरांची बाजू सरांपेक्षा चांगली मांडली. प्रकाशक कसे भितात, सैल केलं तर अक्षर किती दूर जाईल, कंपनीकडे कशी मोठी माणसं आहेत. मी पायाने त्यांना ढोसत होतो. ते थांबले नाहीत.

बाईंनी ऐकून घेतलं. मग एकच विचारलं. "त्यांनी सुधारलं तर ते माझ्या पोरांना परत मिळंल का?"

"मिळेलच असं नाही. द्यायचं की नाही, ते त्यांच्या मनावर."

"मंग नको."

"एकच अक्षर आहे तुमचं, बाई. त्याच्यासाठी सगळं अडेल."

"एकच हाय, म्हणून तर विचारायला आलात ना? नाय म्हटलं तर चालत नसंल, तर मंग विचारता कशाला?"

आप्पा इतके खूश झाले की परतीच्या घाटात त्यांनी दोनदा गाडी थांबवायला लावली, नुसतं हे वाक्य मला पुन्हा ऐकवायला. "ऐकलंस ना विंचूर? काय बोलली! हिला माडीवर आणायला पाहिजे होती." मी म्हटलं, "आप्पा, तुम्ही हरलात का जिंकलात?" ते म्हणाले, "विचारलं. आता सरांना सांगू, नाही म्हणतात. मग बाकीचं तू बोल कंपनीशी, तुझ्या पद्धतीने. मी सरांना तयार करतो."

नाशकात परत आलो तेव्हा फॉन्ट नव्या परवान्यावर बाहेर पडला होता.

सरांनी ई-मेलच्या यादीवर इंग्रजीत पत्र टाकलं होतं. परवाना बदलतो आहोत, आठवड्यात हरकत आली नाही तर संमती समजू. कळवणच्या शिक्षकाकडे ई-मेल नव्हता. भोयेबाईंच्या शाळेत फोनसुद्धा शेजारच्या दुकानात. माझा पत्ता यादीवर होता आणि ते पत्र मी उघडलं नाही हेही खरं, पण सर रोज कॉलेजला जाताना माझ्या दुकानासमोरून जायचे आणि हात करायचे. त्या आठवड्यातही केला. स्कूटर थांबवून तोंडाने विचारायला किती वेळ लागला असता?

आप्पा सरांकडे गेले, मी बरोबर होतो. सर खुर्चीतून उठले, पाणी दिलं, सगळं रीतसर. "आप्पा, तुम्ही माडीवर सर्वांसमोर हो म्हणालात."

"सगळे हो म्हटले तर, असं म्हणालो."

"यादीवर एकाचीही हरकत नाही."

"बाईंची आहे. मी ती घेऊन आलोय."

"मुदत संपली आप्पा. असं करू, त्यांचं अक्षर काढून टाकू. नवीन काढून घेऊ. मग तर झालं?"

आप्पा म्हणाले, "काढणार असाल तर आज काढा." सर म्हणाले, "आजच." आप्पांनी मान हलवली. माणसाने शब्द दिला की तो खरा, असं धरून चालायची त्यांची खोड होती. माझी नव्हती, पण त्या दिवशी मी त्यांच्यासाठी गप्प बसलो.

पुढे कंपनीने पंचकचं नाव बदललं, कुलूप लावलं, नावांची फाइल गाळली आणि देखणी जाहिरात केली. सर त्यांचे सल्लागार झाले आणि पुण्याला गेले. जाहिरातीचा तो गुळगुळीत कागद मीच आप्पांना दिला. त्यांनी सवयीने उजेडाकडे धरला. मग भिंग मागितलं. नमुन्याच्या ओळीत 'सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत' असे शब्द होते. त्यातल्या दोन्ही ऱ्यांच्या वळणावर तो बारीक फुगवटा होता. बाईंचं पेन जिथे अडकलं होतं, बरोबर तिथे.

मी शिव्या दिल्या, त्या इथे लिहीत नाही. वकिलाकडे जायला निघालो. आप्पांनी मला खाली बसवलं. "वकील काय करील? मला वाईट याचं वाटतं की आज काढतो म्हणाले होते."

एवढंच. त्यानंतर सरांबद्दल त्यांच्या तोंडून वाकडा शब्द मी ऐकला नाही, आणि त्याचाही मला राग यायचा. दुसऱ्या रविवारी ते डबा घेऊन हजर. "विंचूर, जुना पंचक आहे ना? तो जुन्याच अटीवर आहे. एकदा दिलेलं कुणी परत नेऊ शकत नाही. त्याच्यावरून पुन्हा सुरू करू."

"युनिकोड? तुम्ही? मोतीबिंदू उतरवा आधी."

"दोन्ही करू."

दोन्ही केलं. एक डोळा करून आले आणि हिरवी पट्टी लावून बसले. माडीवरची निम्मी मुलं नोकऱ्यांना लागून बंगळूरला गेली होती. आप्पांनी त्यांना तिथे फोन करून कामाला लावलं. परदेशातल्या कुणा अनोळखी माणसाने जोडाक्षरांचे नियम लिहून दिले, त्याचंही नाव आणि गाव फाइलमध्ये गेलं. गावाचं नाव मराठीत कसं लिहायचं यावरून आप्पांनी त्याच्याशी चार ई-मेल भांडण केलं, मी टाइप करून देत होतो. तयार झालेली पहिली सीडी हरसूलला गेली. बाईंनी भिंतीवरचे तक्ते पुन्हा छापले आणि त्यातला एक पाठवला. तो माझ्या काउंटरच्या मागे लावलेला आहे. कंपनीने स्वतःचा फॉन्ट मध्यंतरी बंद केला. आमचा चालू आहे, आणि जो मागेल त्याला मी नक्कल देतो. यात मला काही मिळत नाही. मिळत नाही असा हा माझा एकमेव धंदा आहे आणि तो मी उत्तम चालवतो.

आप्पा गेले ते मागच्या हिवाळ्यात. आदल्या आठवड्यात दवाखान्यात भेटलो तेव्हा क्ष च्या पोटावरून माझ्याशी वाद घालत होते. शेवटी म्हणाले, "तुला बदलायचा तर बदल. माझा आहे तो. माझं हो आहे." मी बदलला नाही.

हे सगळं मी मनातच ठेवलं असतं. पण परवा नाशकात सरांचा सत्कार झाला. मी मागच्या रांगेत होतो. मराठी अक्षर काँप्युटरवर आणणारे म्हणून शाल घातली. सर भाषणात म्हणाले, "कैलासवासी आप्पांची या बदलाला पूर्ण संमती होती." टाळ्या पडल्या. मी उभा राहिलो, तर संयोजकांनी वेळ संपली म्हणून राष्ट्रगीत सुरू केलं. राष्ट्रगीतात बोलायला मी काही असंस्कृत नाही. म्हणून इथे बोलतो.

सर, आप्पा आता नाही म्हणायला येणार नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण भोयेबाई आहेत. अजून त्याच शाळेत शिकवतात. त्यांनी नाही म्हटलं होतं, आणि ते तुमच्यापर्यंत आम्ही आणून पोचवलं होतं. तुम्ही त्यांचं अक्षर काढतो म्हणालात आणि काढलं नाहीत. मला तुमचं पत्र नको, खुलासा नको. हरसूलला चला. गाडी माझी. त्या ओट्यावर त्यांच्यासमोर बसा आणि त्यांच्या तोंडावर सांगा, बाई, तुमचा होकार मी कुणाकडून घेतला?